विश्लेषण : द्राक्षांवरचे चिलट आपली प्रतिकारशक्ती आवरते कसे?

जंतू शरीरात शिरले की लढायचे, हे प्रत्येक सजीवाला जमते. अवघड असते ते लढाई वेळेवर थांबवणे. करोनाकाळात अनेक रुग्णांच्या जिवावर बेतली ती अनावर झालेली प्रतिकारशक्ती. हा लगाम पेशींमध्ये नेमका कसा काम करतो, याची बरीचशी उत्तरे पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाने दिली आहेत. त्यात पुण्यातील संशोधकांचाही वाटा आहे.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना बेमोसमी पाऊस झाला, की मण्यांना तडे जातात. रस बाहेर येतो, त्यात यीस्ट वाढते आणि आंबूस वास सुटतो. तो वास हेरून चिलटे जमायला वेळ लागत नाही. निफाड-दिंडोरीतील बागा, वाइनरीत गाळप झाल्यावर उरलेला चोथा, बाजार समितीतील टाकाऊ मालाचा ढीग आणि घरातील टोपलीत काळी पडू लागलेली केळी, सगळीकडे तीच.

तडकलेला मणी म्हणजे सूक्ष्मजीवांची जत्राच. त्यात यीस्ट असते, बुरशी असते, वाइनचे व्हिनेगर करणारे जिवाणू असतात. चिलटाची मादी तिथेच अंडी घालते आणि अळ्या तोच लगदा खात वाढतात. म्हणजे जन्मापासून तोंडात, पोटात आणि अंगावर जंतूच जंतू. तरीही बहुतेक अळ्या धडधाकट वाढतात. त्यांच्या शरीरातील संरक्षण यंत्रणा दिसेल त्या जंतूवर तुटूनही पडत नाही. हे संतुलन साधते कसे?

चिलट आणि फळमाशी एकच का?

इंग्रजीत दोघींनाही ‘फ्रूट फ्लाय’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. आंबा, पेरू, कारली यांना डंख मारून फळ आतून सडवणारी आणि जिच्यासाठी शेतकरी बागेत गंधसापळे लावतात ती फळमाशी ‘बॅक्ट्रोसेरा’ गटातील. ती आकाराने मोठी असते आणि चांगल्या, पिकू लागलेल्या फळातही अंडी घालते.

स्वयंपाकघरात दिसणारे चिलट वेगळ्या कुळातील आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘ड्रोसोफिला मेलानोगास्टर’. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, डोळे लालभडक. ते सहसा आधीच तडकलेल्या, आंबलेल्या फळाकडे वळते. जगभरातील प्रयोगशाळांत शंभर वर्षांहून अधिक काळ पाळले जाते ते हेच चिलट.

प्रयोगासाठी चिलटच का?

पाळायला स्वस्त, वाढायला झटपट. २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात. २००० साली त्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १४ हजार जनुके आढळली. माणसातील आजारांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडे चिलटात सापडतात.

प्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी आणखी एक सोय आहे. माणसात संरक्षणाच्या दोन फळ्या असतात. पहिली जन्मजात, जी जंतू दिसताच धावते. दुसरी अनुभवातून शिकणारी, जी प्रतिपिंडे तयार करते आणि लशीमुळे जागी होते. चिलटाकडे ही दुसरी फळी नाहीच. त्यामुळे पहिली फळी एकटी कशी काम करते, हे त्याच्यात स्वच्छ पाहता येते.

चिलटाच्या रक्तात कोणत्या पेशी असतात?

चिलटाचे रक्त लाल नसते आणि ते नळ्यांतून वाहतही नाही. शरीराच्या पोकळीत भरलेल्या द्रवात पेशी तरंगत असतात. त्या मुख्यतः तीन प्रकारच्या.

पहिल्या ‘प्लाझ्माटोसाइट’. अळीच्या रक्तपेशींपैकी सुमारे ९५ टक्के याच असतात. त्या जंतू आणि मेलेल्या पेशी गिळून टाकतात. माणसातील मॅक्रोफेज पेशी हेच काम करतात.

दुसऱ्या ‘क्रिस्टल सेल’, साधारण ५ टक्के. जखम झाली की या पेशी फुटतात आणि त्यातील विकरांमुळे तिथे काळे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन तयार होते. कापलेले सफरचंद उघडे ठेवल्यावर काळे पडते, साधारण त्याच जातीची ही रासायनिक क्रिया. तिच्यामुळे जखम बंद होते आणि जंतूही मरतात.

तिसऱ्या ‘लॅमेलोसाइट’ एरवी जवळजवळ दिसतच नाहीत. एक विशिष्ट शत्रू आला तरच त्या तयार होतात. हा शत्रू म्हणजे ‘लेप्टोपिलिना’ नावाची चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी. ती चिलटाच्या अळीत आपले अंडे टोचते. ते उबले, तर गांधीलमाशीचे पिल्लू चिलटाला आतून खाऊन बाहेर पडते. अंडे इतके मोठे असते की गिळणाऱ्या पेशींना ते आवरत नाही. मग चपट्या, पसरट लॅमेलोसाइट त्याच्याभोवती थरावर थर देतात आणि ते काळ्या कवचात कोंडून मारतात.

या पेशींचा साठा असतो अळीच्या ‘लसिका ग्रंथी’त. तिथे कच्च्या पेशी राखीव दलासारख्या थांबून असतात. त्यांच्यावर ग्रंथीतीलच मोजक्या पेशींचा एक गट लक्ष ठेवतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम करताना रोहन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की या गटातील पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात आणि त्यांचे संदेश ठरावीक जागेतच राहतात. संसर्ग झाला की हे सांधे सैल होतात, संदेश बाहेर पाझरतात आणि राखीव पेशी लढाऊ पेशींमध्ये बदलू लागतात.

जंतू आल्याचे पेशीला कळते कसे?

प्रत्येक जंतूचा चेहरा ओळखणे पेशीला शक्य नसते. ती त्याचे कवच तपासते. जिवाणूंच्या भिंतीत ‘पेप्टिडोग्लायकन’ नावाचा पदार्थ असतो. बुरशीच्या भिंतीत ‘ग्लुकन’ असतात. चिलटाचे शरीर पेप्टिडोग्लायकन बनवत नाही. म्हणून तो दिसला, की समजायचे पाहुणा बाहेरचा आहे.

ही खबर पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवणारे दोन मुख्य मार्ग आहेत. एकाचे नाव ‘टोल’. पथकर नाक्याशी त्याचा संबंध नाही. जर्मन भाषेत टोल म्हणजे ‘भन्नाट’. दुसरा ‘आयएमडी’. इथेही हवामान खात्याचा संबंध नाही. या जनुकात बिघाड असलेल्या माश्यांची प्रतिकारशक्ती कमकुवत आढळली, म्हणून ‘इम्यून डेफिशियन्सी’ हे नाव पडले.

बुरशी आणि काही प्रकारच्या जिवाणूंसाठी टोल मार्ग सुरू होतो. एरवी ‘डॉर्सल’ आणि ‘डिफ’ ही प्रथिने पेशीत ‘कॅक्टस’ नावाच्या प्रथिनाने बांधून ठेवलेली असतात. टोलला संदेश मिळाला की कॅक्टस नष्ट केले जाते. मोकळी झालेली प्रथिने केंद्रकात शिरतात आणि जंतुनाशक द्रव्यांची जनुके चालू करतात. दुसऱ्या गटातील जिवाणूंसाठी आयएमडी मार्ग आहे. त्यात ‘रेलिश’ नावाचे प्रथिन कापले जाते आणि त्याचा एक तुकडा केंद्रकात जाऊन तेच काम करतो.

ही द्रव्ये मोठ्या प्रमाणावर बनतात ‘मेदपिंडा’त. हा अवयव माणसातील यकृत आणि चरबी या दोघांचेही काम करतो. तिथून ती रक्तात सोडली जातात आणि जंतूंवर थेट हल्ला करतात.

या शोधाला नोबेल का मिळाले?

टोल जनुक आधी वेगळ्याच कारणाने सापडले होते. चिलटाच्या भ्रूणात पाठ कुठली आणि पोट कुठले, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. भ्रूणाच्या जडणघडणीतील जनुकांच्या शोधासाठी क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ट, एरिक वीशाउस आणि एडवर्ड लुईस यांना १९९५ चे नोबेल मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ब्रुनो लेमेत्र, ज्यूल्स हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की टोल बिघडलेल्या माश्या ‘ॲस्परजिलस’ बुरशीपुढे टिकत नाहीत. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे तंतू वाढलेले दिसणारे छायाचित्र गाजले. माणसातही टोलसारखे जनुक असल्याचे १९९७ मध्ये समोर आले. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने उंदरांमध्ये असेच एक जनुक जिवाणूंचे विषारी आवरण ओळखते, हे सिद्ध केले. हॉफमन आणि ब्यूटलर २०११ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेलचे मानकरी ठरले. त्यांच्यासोबत राल्फ स्टाइनमन यांनाही हा सन्मान मिळाला.

माणसाच्या पेशींवर आज अशी दहा ‘टोल-सदृश’ ग्राहक प्रथिने ज्ञात आहेत. माशी आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण घरातील ही घंटा दोघांनी जपून ठेवली.

मग लगाम कशाला हवा?

कारण प्रतिकार फुकट होत नाही. जंतूंना मारणारी रसायने स्वतःच्या पेशींनाही इजा करतात. ज्या माश्यांमध्ये ही यंत्रणा कायम चालू राहते, त्यांचे आयुष्य घटते. मेंदूत जंतुनाशक प्रथिने सतत तयार होत राहिली तर चेतापेशी झडतात, हेही प्रयोगांत दिसले आहे.

दुसरे कारण आतड्यातील मित्र. चिलटाच्या आतड्यात नेहमी वस्तीला असणारे जिवाणू असतात. त्यात आंबलेल्या फळातून येणारे ॲसिटोबॅक्टरही असतात. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००८ मध्ये एक लक्षवेधी निष्कर्ष मांडला. आतड्यातील ‘कॉडल’ हे प्रथिन जंतुनाशकांचे उत्पादन दाबून धरते. ते कमी केल्यावर जंतुनाशके वाढली. माशी अधिक सुरक्षित व्हायला हवी होती. पण त्या माऱ्यात नेहमीचे जिवाणू कमी झाले, एरवी दबून असलेला एक उपद्रवी जिवाणू माजला आणि आतड्याच्या पेशी मरू लागल्या. म्हणजे लगाम सुटल्याने घरातील गडी गेले आणि चोर मात्र राहिला.

तिसरे कारण ऊर्जा. चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की गांधीलमाशीचा हल्ला झाल्यावर रक्तपेशी ‘ॲडेनोसिन’ हा रेणू बाहेर सोडतात. त्यामुळे शरीराच्या इतर भागांचा साखरेचा वापर कमी होतो, अळीची वाढ मंदावते आणि ती साखर लढणाऱ्या पेशींकडे वळते. हा संदेश अडवला तर अळीची प्रतिकारक्षमता घसरते. पण तो गरजेपेक्षा जास्त काळ चालला, तर अळीची वाढच खुंटेल.

लगाम कुठे कुठे असतात?

एकाच जागी नाही, जवळजवळ प्रत्येक पायरीवर.

- दारातच : ‘पीजीआरपी-एलबी’ हे विकर जिवाणूंच्या कवचाचे तुकडे कातरते. पुरावाच उरला नाही, तर घंटाही वाजत नाही.
- पेशीच्या पृष्ठभागावर : ‘पिर्क’ हे प्रथिन आयएमडी मार्गातील ग्राहकांना पृष्ठभागावरून हटवते. विशेष म्हणजे पिर्कचे उत्पादन याच मार्गाने सुरू होते. म्हणजे आग लागली की पाण्याचा बंबही त्याच घंटेने निघतो.
- पेशीच्या आत : ‘कॅस्पर’ हे प्रथिन रेलिशला केंद्रकात जाण्यापासून रोखते. माणसात त्याचे भावंड ‘फाफ-१’ नावाने ओळखले जाते.
- केंद्रकात : आतड्याच्या पेशींमध्ये कॉडल जनुकांवरच ठाण मांडून बसते.

पुण्यात काय संशोधन झाले?

नाशिकपासून दोनशे किलोमीटरवर, पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत गिरीश रत्नपारखी यांचा गट याच लगामांवर काम करतो. त्यांच्या अभ्यासाचा केंद्रबिंदू आहे ‘सुमो’. नाव पहिलवानाचे असले तरी हे प्रथिन अगदी छोटे, शंभरेक अमिनो आम्लांचे. पेशी ते दुसऱ्या प्रथिनांवर चिकटवते आणि गरज संपली की काढून घेते. मालाच्या गाडीवर पास चिकटवावा तसे. गाडी तीच, माल तोच, पण पास लावल्यावर तिला कुठे सोडायचे आणि कुठे थांबवायचे हे बदलते.

या गटाने २०१५ मध्ये चिलटाच्या पेशींना जिवाणूंच्या आवरणातील घटकाची चाहूल दिली आणि कोणकोणत्या प्रथिनांवर सुमो लागते-सुटते हे तपासले. सुमोयुक्त नमुन्यांत १,६१९ प्रथिने मिळाली. त्यातील ७१० प्रथिनांची खात्रीशीर यादी तयार झाली. कॅस्परवर सुमो कुठे बसते तेही त्यात सापडले.

पुढची पायरी होती एकेका प्रथिनावरून सुमोची जागाच काढून टाकण्याची. क्रिस्पर तंत्राने जनुकात बारीक बदल केला, की प्रथिन तेच राहते, पण त्यावर सुमो चिकटू शकत नाही. २०२२ मध्ये असे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले.

पहिला डॉर्सलचा. सुमो लागू न शकणारे डॉर्सल असलेल्या अळ्यांमध्ये क्रिस्टल पेशी वाढल्या आणि संरक्षक जनुके जास्त जोराने चालू झाली. म्हणजे सुमो हा इथे ब्रेक होता. गंमत अशी, की कोणत्याही क्षणी जेमतेम १ ते ५ टक्के डॉर्सलवरच सुमो असते. इतक्या थोड्याशा ब्रेकने एवढा फरक कसा पडतो, हे समजून घेण्यासाठी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील चेतन गाडगीळ यांच्या सहभागातून गणिती प्रारूप मांडण्यात आले. सुमो लागलेले डॉर्सल जनुके चालू होण्याच्या पायरीवरच अडसर घालत असावे, असे त्यातून सूचित झाले.

दुसरा अभ्यास आतड्यातील ‘जून’ या प्रथिनाचा. माश्यांना ‘स्यूडोमोनास एंटोमोफिला’ हा घातक जिवाणू खाऊ घातल्यावर जून काही हजार जनुकांच्या कामावर परिणाम करते, असे दिसले. आतड्याच्या पेशींतील जून कमी केले तर माश्या संसर्गात अधिक तगल्या. उलट, जूनवर सुमो लागू दिले नाही तर त्यांचा प्रतिसाद दुबळा झाला आणि जिवाणू अधिक फोफावले.

दोन्ही अभ्यासांत सुमो ब्रेकचेच काम करते, पण परिणाम वेगवेगळा. डॉर्सलचा ब्रेक काढला तर हल्ला वाढतो. जूनचा ब्रेक काढला तर माशीच कमजोर होते. कारण जून स्वतः इतर अनेक कळा फिरवते आणि त्यात रेलिशही आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे एक बटण नसून एकमेकांत गुंतलेल्या अनेक बटणांची पेटी आहे, हे यातून कळते. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींत ही गोष्ट सहसा नसते.

वास आणि दारू यांचा काय संबंध?

बेंगळुरूच्या ‘इनस्टेम’ संस्थेत टीना मुखर्जी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले, की चिलटाच्या अळ्या गांधीलमाशीच्या वासातूनच सावध होतात. वास आला की चेतापेशी ‘गाबा’ हा रेणू रक्तात सोडतात. कच्च्या रक्तपेशी तो वापरतात आणि लॅमेलोसाइट बनण्याची तयारी करून ठेवतात. हल्ला झाला, तर उत्तर लवकर मिळते. सगळ्या अळ्या कायम सज्ज राहत नाहीत. धोका जवळ असल्याची खूण मिळाली तरच तयारी होते. खर्च वाचवण्याचा हाही एक मार्ग.

दुसरा उपाय द्राक्षाच्या गावाला शोभणारा. आंबलेल्या फळात अल्कोहोल असते आणि चिलटाच्या अळ्यांना ते बऱ्यापैकी सोसते. गांधीलमाशीच्या पिल्लांना मात्र नाही. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात टॉड श्लेन्के यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले, की शरीरात गांधीलमाशीचे अंडे असलेल्या अळ्या अल्कोहोल असलेल्या अन्नाकडे वळतात. त्यामुळे आतील परोपजीवी मरतो आणि अळी वाचू शकते. पुढच्या वर्षी या गटाने दाखवले, की गांधीलमाशी नजरेस पडली तर मादी चिलट अंडीही अल्कोहोल असलेल्या जागी घालते. हे औषध अळ्यांचे आहे. माणसाने त्यातून भलता अर्थ काढू नये.

माणसाला याचा उपयोग काय?

रक्तात जंतुसंसर्ग पसरून होणाऱ्या सेप्सिसमध्ये, संधिवातासारख्या आजारांत आणि आतड्याच्या दीर्घकालीन दाहात अडचण एकच असते. सुरू झालेली लढाई थांबत नाही किंवा ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. करोनाच्या गंभीर रुग्णांना स्टेरॉइड देण्यामागे हाच अनियंत्रित दाह दाबण्याचा हेतू होता. पण स्टेरॉइड सगळीच यंत्रणा दाबतात, त्यामुळे दुसऱ्या संसर्गाचा धोका वाढतो. नेमका कोणता लगाम किती खेचायचा हे कळले, तर उपचार अधिक नेमके होऊ शकतील. डॉर्सल, रेलिश, जून, कॅस्पर या सगळ्यांची भावंडे माणसाच्या पेशींत आहेत.

नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेतही चिलटाच्या रक्तपेशींवर संशोधन चालते. कच्च्या रक्तपेशींचा ताबा सुटणे हे रक्ताच्या कर्करोगाचेही मूळ असल्याने त्याचा संबंध थेट आहे.

मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. चिलटाला प्रतिपिंडे नाहीत, त्यामुळे लस कशी काम करते हे त्याच्यात पाहता येत नाही. माणसातील टोल-सदृश ग्राहक जंतूचे अंश थेट ओळखतात. चिलटात आधी वेगळी प्रथिने जंतू ओळखतात आणि मग ‘श्पेट्झले’ नावाच्या दूतामार्फत टोलला निरोप जातो. म्हणून माशीत सापडलेले प्रत्येक उत्तर उंदरात आणि मानवी पेशींत पुन्हा तपासावे लागते. माशीतील लगामापासून रुग्णाच्या औषधापर्यंतचा रस्ता लांब आहे.

घरातील चिलटे घालवायची असतील, तर उपाय साधाच आहे. पिकलेली फळे झाकून ठेवावीत, ओला कचरा रोज बाहेर काढावा, वाटीत थोडे व्हिनेगर आणि भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकून ठेवावा. आंबूस वासाने चिलटे त्यात येतात आणि बुडतात. प्रयोगशाळेत मात्र हीच चिलटे काचेच्या नळ्यांत, ठरावीक तापमानात आणि वेळच्या वेळी खाऊ घालून सांभाळली जातात.